पंचाहत्तरची रेघ

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, तेही दातओठ खाऊन.

जळजळ होते म्हणून तुझ्या बापाच्या अन्ननलिकेत दुर्बीण घातली, तर गाठ निघाली. छाती उघडणं त्याच्या हृदयाला झेपणार नाही. पण गाठ अजून वरवरची आहे, दुर्बिणीतूनच सोलून काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तुझंच संशोधन! मी ऐटीत तुझ्या विभागात फोन केला. तिथल्या मुलीने वय विचारलं आणि गोड आवाजात सांगितलं, पंचाहत्तरच्या पुढचे घेत नाही, मॅडमनीच अट घातलीय.

तो शहात्तरचा आहे. एक वर्ष कमी लिही. बायका जन्मभर लिहितात. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, रेघ मारताना आपलं बोट बघा, मध्ये आलं तर त्याच्यावरच उठते.

रागावलेली,
आत्या

११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बोट मध्ये आलं, आत्या. सुरुवातीला दोन म्हाताऱ्या रुग्णांना रक्तस्राव झाला. आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून मी रेघ मारली. आता वय खोटं लिहिलं तर सगळं काम रद्दीत जाईल, आणि या संशोधनाबाहेर ही पद्धत वापरायची परवानगी नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे बाबांपुरती सवलत मागितली आहे. त्यांना हे तू तुझ्या भाषेत सांगू नकोस.

रागासकट लोभ असू दे.
तुझी भिंगरी

६ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ.

समितीची बैठक पुन्हा पुढे गेली म्हणे, पुरेसे सभासद जमले नाहीत. इथे चहात बुडवलेला पावही घशात अडकायला लागलाय. तो खोकतो आणि मलाच म्हणतो की तुझा पाव शिळा. त्या सभासदांना आमच्याकडे जेवायला पाठव. समोर बसून एकदा त्याला गिळताना बघू देत.

आत्या

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांनी तुला येऊ दिलं नाही, म्हणून लिहिते. परवानगी आली. काल मीच दुर्बीण घातली. तोंड उघडं ठेवणारं कडं बसवण्याआधी बाबा म्हणाले की आत अक्कल सापडली तर आत्याला दे, ती कधीची शोधतेय.

सोलण्याआधी आम्ही गाठीखाली द्रव सोडतो. वरवरची असली की ती अलगद वर उचलली जाते. बाबांची उचललीच नाही. मी पुन्हा सोडला. नर्सने पडद्यावरून नजर काढली. मूळ खोल गेलंय. जूनमध्ये कदाचित उचलली असती.

पोटात नळी बसवली आहे. आता पातळ अन्न तिच्यातूनच. तोंडाने पाणीसुद्धा नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
भिंगरी

१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. आ.

काल त्याने चहा मागितला. मी खेकसले. तो म्हणाला, नळीतून दे. तुझ्या नर्सला फोन करून विचारलं, मग कोमट करून, गाळून, सिरिंजने हळूहळू सोडला. डोळे मिटून पडला होता. चव नाही, पण ऊब कळते म्हणाला. मग विचारलं, साखर घातलीस ना?

घातली नव्हती. नळीला काय कळतंय, म्हणून. हो म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या चहात दोन चमचे घातली. विरघळेपर्यंत ढवळत उभी राहिले.

त्या रेघेवरचा माझा राग जाणार नाही. तो नंतर येऊन ऐकून घे. आत्ता तुझा बाप आहे तोवर ये.

आत्या