नितीनच्या नावावरचा क्रमांक

प्रिय ताई,

आज दुपारी न्यायालयाने तुझ्या नितीनला अटकपूर्व जामीन मंजूर केला! चिंचवडला घरी पोहोचलो आणि हातपायही न धुता लिहायला बसलो. हे तुला आधी नाही कळवायचे, तर कोणाला?

घडले ते क्रमाने सांगतो. आमच्या चाकणच्या कंपनीचा माल नेणाऱ्या एका टेम्पोत गांजा सापडला. चालक पकडला गेला. त्याला रोज सकाळी एकाच क्रमांकावरून फोन येत असे आणि तो क्रमांक नितीनच्या नावावर निघाला! पोलीस कुरुळीला त्याच्या खोलीवर गेले, तेव्हा तो पहिल्या शिफ्टला होता, म्हणून वाचला.

आणि मी काय केले? "निर्दोष असशील तर भीती कशाची? सरळ हजर हो," असे त्याला सुनावले. तुझी भावजय कडाडली, "अहो, तुमची नियमांची पोथी मिटा! या गुन्ह्यात एकदा आत गेला की जामिनाला वर्षं लागतात. आधी वकील गाठा."

वकीलबाईंनी अर्ज दाखल केला. मी मात्र उलटतपासणीच मांडली. "त्या चालकाला ओळखतोस का? खरे सांग." तीनदा विचारले. "मामा, तुमच्यापेक्षा पोलीस परवडले," एवढेच तो म्हणाला.

मग सरकार पक्षाचे लेखी म्हणणे हाती आले. सवयीने एकेक ओळ तपासत गेलो आणि दुसऱ्या पानावर थबकलो. दहाही आकडे पुन्हा वाचले. ताई, तो क्रमांक माझा होता!

माल रवाना करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा "नितीनच्या नावावरचं एक कार्ड पडून आहे, घे," असे म्हणून तूच ते दिले होतेस ना? गाडी कुठवर आली, हे विचारायला सगळ्याच चालकांना रोज मीच फोन करत होतो; त्यांत हाही होता, हे माझ्या मनातही आले नाही. दुसऱ्यांच्या कागदांत स्वल्पविराम शोधणारा मी, ते कार्ड इतकी वर्षे स्वतःच्या नावावर करून घेतले नाही! थोडा दोष तुझाही आहे, बरे का.

नितीनला सांगितले, तर म्हणतो, "मला पहिल्या दिवसापासून माहितीये. पोलिसांनी घरमालकाला नंबर दाखवला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचं नाव कशाला घ्यायचं, मामा? आई गेल्यावर मला तुम्हीच तर आहात."

आणि याला मी तीनदा म्हणालो होतो, खरे सांग!

वकीलबाई म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्र दिलंत तर संशय तुमच्यावर येईल. विचार करा." विचार कसला? रवानगीच्या नोंदवहीच्या नकला जोडल्या आणि त्याच दिवशी सही केली. प्रत्येक फोन गाडीच्या वेळेशी जुळत होता.

आज न्यायाधीशांनी विचारले, "या क्रमांकाखेरीज अर्जदाराविरुद्ध काही आहे?"

सरकारी वकील म्हणाले, "तपास सुरू आहे."

अर्ज मंजूर! ताई, मी भर न्यायालयात टाळी वाजवली! मी! शिपायाने डोळे वटारले. नितीन कानाशी पुटपुटला, "मामा, बाहेर चला. नाहीतर दुसरा अर्ज तुमच्यासाठी करावा लागेल."

सोमवारी त्याला चौकशीला हजर राहायचे आहे. माझाही जबाब घेणार आहेत. पुढे काय होईल, ठाऊक नाही. पण तुला वचन देतो, ठाण्याची पायरी त्याच्याआधी मी चढेन आणि तो बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
विनायक