मागचा जिना

४ मार्च

सकाळी टेबलावर तक्रार येऊन पडली. पत्ता वाचला आणि चहा तसाच राहिला. ताईची बिल्डिंग! शहरात इतक्या इमारती, आणि नेमकी हीच माझ्या वाट्याला.

तक्रारी घेणाऱ्या पोरीला विचारलं, फोन कोणाचा होता? म्हणाली, "बाई होत्या. दमल्यासारखा आवाज. मागे बातम्या मोठ्यानं चालू होत्या, धड ऐकूच येईना. नाव विचारलं तर फोन ठेवून दिला." पण सांगायचं ते मात्र नीट सांगितलं होतं — मागचा जिना सामानानं भरलाय, सातव्या मजल्यावर तर जाळीचं दार बसवून कुलूप ठोकलंय. सातवा म्हणजे ताईचाच मजला.

साहेबांकडे गेले. म्हटलं, माझी सख्खी बहीण राहते तिथे, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. फायलीतून मान वर न करता म्हणाले, "दुसरा कोण? एक रजेवर, एक शिडीवरून पडलेला. जाऊन या. बहिणीकडे चहाही होईल." साहेबांचा विनोद! पालिकेच्या अग्निशमन खात्यात विनोदाची टंचाई आहे, म्हणून हसले.

५ मार्च

सोसायटीचा सेक्रेटरी फाटकातच उभा. हा माणूस सदा हसरा. बहुतेक झोपेतही हसत असेल. "मॅडम, तुम्ही तर घरच्याच!" — हे वाक्य कशासाठी असतं ते मला आता पाठ झालंय.

पुढचा जिना लख्ख. कुंड्या, आरसा, नवी पायपुसणी. पण अख्ख्या बिल्डिंगचे वीजमीटर याच जिन्याखाली. तिथे आग लागली की धूर इथूनच वर चढणार, लिफ्ट बंद पडणार, आणि उतरायला उरणार फक्त मागचा जिना. तो कसा? दुसऱ्या मजल्यावर मोडकं वॉशिंग मशीन. तिसऱ्यावर सायकली. चौथ्यावर कोणाचा तरी सोफा, चारी पाय वर करून. पाण्याच्या नळीची लाल पेटी उघडली — आत दोन झाडू आणि एक पोछा! "नळी चोरीला जाते हो, म्हणून काढून ठेवलीय," सेक्रेटरी म्हणाला. कुठे? ते आठवेना. अलार्मचं बटण दाबलं. गप्प. तारा उपटलेल्या. "पोरं उगाच दाबतात, म्हाताऱ्यांची झोपमोड होते."

सातव्यावर खरंच जाळी, खरंच कुलूप. आत ताईच्या समोरच्या फ्लॅटवाल्यांची कपाटं आणि गाद्या. किल्ली? "असेल कोणाकडे तरी."

मग ताईकडे गेले. भावोजी खिडकीजवळच्या पलंगावर. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली. शाळेत पीटी शिकवायचे, शिट्टी फुंकली की अख्खं मैदान सरळ उभं राहायचं. आता उजवी बाजू गेलीय आणि शब्द एकच उरलाय — "चला". भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला. मला बघून बरं वाटलं तरी चला. उशाशी रेडिओ, तो दिवसभर चालूच.

ताईनं दार सताड उघडं टाकलं होतं. चहा देता देता जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं — "कोण मेलं तक्रारी करतंय? लोकांना दुसरे उद्योग नाहीत!" दारात सेक्रेटरी मान डोलावत होता. मग मला, "तू बघ गं. घे जरा सांभाळून."

समोरच्या वहिनी सकाळ-संध्याकाळ येऊन भावोजींना कुशीवर वळवायला हात लावतात. एकट्या ताईला ते पेलत नाहीत. आणि जिन्यातली कपाटं त्याच वहिनींची. ताईनं तरी काय बोलावं?

८ मार्च

नोटीस दिली. जिना मोकळा करा, अलार्म सुरू करा, बाहेर पडायचा सराव घेऊन दाखवा. पंधरा दिवस. सेक्रेटरीनं हसतच सही केली.

१४ मार्च

आज सराव. अलार्म जोडलाय म्हणे, म्हणून गेले. सेक्रेटरीनं सोसायटीच्या ऑफिसात बसवून बिस्किटं पुढे केली. ठरल्या वेळी मी बटण दाबलं, बाहेर आले — तर अख्खी बिल्डिंग आवारात! म्हातारेकोतारे, पोरं, एक आजी तर कुत्र्यासकट. एवढी चपळाई मी आमच्या स्वतःच्या खात्यात पाहिलेली नाही. सेक्रेटरीनं टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

एकच गोष्ट खटकली. धाप कोणालाच लागली नव्हती.

आणि ताई दिसेना. "ते आजारी आहेत ना, त्यांना वगळलं," सेक्रेटरी म्हणाला. वगळलं! मी जिन्यानं धावत वर गेले. घंटा अजून कोकलतच होती. भावोजी पलंगावरून अर्धे खाली घसरलेले, ताई त्यांच्या काखेत हात घालून ओढतेय, तिचा दंड त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरलेला, आणि तोंडानं एकच — "चला! चला! चला!" डोळ्यांतून पाणी. त्यांना सांगितलंच नव्हतं कोणी. त्यांच्या लेखी बिल्डिंग खरीच पेटली होती.

दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. ताई धापा टाकत म्हणाली, "खिडकीतून बघितलं मी. घंटेच्या आधीच सगळे लिफ्टनं उतरून उभे होते. वर यायची आठवण कोणालाच झाली नाही." मग माझा हात धरून, हळू आवाजात — "माझं नाव कुठे लिहू नकोस हं. मला इथेच राहायचंय."

घरी आले तरी संताप उतरला नव्हता.

१५ मार्च

सराव नापास, असं लिहून दिलं. साहेबांनी बोलावलं. "वरून फोन आलाय. जरा दमानं घ्या." म्हटलं, साहेब, सातव्या मजल्यावर एक माणूस आहे, त्याच्यासाठी आग दमानं घेणार नाही. आवाज चढला माझा. साहेबांनी पहिल्यांदाच फायलीतून मान वर केली. पण आदेश मागे घ्या म्हणाले नाहीत.

१७ मार्च

ताईचा फोन. पहिल्या वाक्यालाच कळलं, स्पीकरवर टाकलाय. मागे माणसं, कोणीतरी खाकरलं, खुर्ची सरकली. सोसायटीचं ऑफिसच असणार.

"मोठी अधिकारी लागून गेलीस! बहिणीच्या घरावर उठलीस? आईनं हेच शिकवलं का तुला?"

म्हटलं, ताई, आधी तो स्पीकर बंद कर. तिनं फोनच बंद केला.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले, नवऱ्याला कळू नये म्हणून. कळलंच त्याला. टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा होता.

२० मार्च

वॉचमननं सांगितलं — समोरच्या वहिनींनी ताईकडे जाणं सोडलंय. "ज्यांच्या बहिणीनं आमची कपाटं रस्त्यावर आणायला काढली..." वगैरे. म्हणजे ताई आता एकटी वळवतेय त्यांना. ऐंशी किलोचा माणूस, आणि तिची कंबर आधीच गेलेली. माझ्या नोटिशीनं जिना तर सुटला नाहीच, तिचा एकमेव आधार मात्र सुटला.

संध्याकाळी गेले. तिनं साखळी न काढताच दार उघडलं. फटीतून औषधांची पिशवी घेतली. "येत जाऊ नकोस. लोक बघतात." दार लागलं. आतून भावोजींचं "चला" ऐकू आलं. माझा आवाज ओळखला असावा.

जिन्यात बसून राहावंसं वाटलं. पण बसायला जागा कुठे, सोफा उलटा आहे!

२२ मार्च

उद्या मुदत संपते. हललं काय? तीन सायकली. बाकी सगळं होतं तिथेच.

आता नियमानं पुढचं पाऊल एकच — वीज-पाणी तोडायचं. आदेशावर सही माझी. आणि भावोजींची गादी हवेची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिचा पंप रात्रंदिवस विजेवर चालतो. वीज गेली की गादी बसली.

सेक्रेटरीचा फोन आला. "मॅडम, सगळ्यात आधी त्रास तुमच्याच माणसाला होणार हो. बघा बुवा." फोनवरही हसत असणार. नवरा म्हणाला, "तू नको करूस सही. दुसऱ्या कोणाला तरी करू दे." म्हटलं, दुसरा शिडीवरून पडलाय. दोघंही हसलो नाही.

सारखं तेच दिसतं. ताई त्यांच्या काखेत हात घालून ओढतेय. खरी आग असती तर ती त्यांना सोडून खाली आली नसती. मी ओळखते तिला. म्हणजे एक नाही, दोन.

सही केली.

२३ मार्च

तोडली वीज. वायरमननं फ्यूज काढून पिशवीत टाकले आणि वरून शिव्यांचा पाऊस! एका बाईनं खिडकीतून खरकटं पाणी फेकलं. ते वायरमनवर पडलं, बिचारा.

भावोजींच्या पंपासाठी बॅटरी भाड्यानं आणली होती. मला कोण उचलू लागणार? लिफ्ट बंद. एकेका मजल्यावर ठेवत, दम घेत सातव्यावर नेली. ताईनं दार उघडलं. माझ्या पाठीमागे, आपल्या दारात समोरच्या वहिनी बघत उभ्या. ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझं तोंड बघायचं नाही मला!" आणि बॅटरी ओढून घेतली. घेताना माझी बोटं तिच्या हातात अडकली, जरा जास्तच वेळ. बॅटरी जड होती म्हणून असेल.

खाली येऊन गाडीत बसून राहिले. पाणी नाही, लिफ्ट नाही, फ्रिजातलं दूध नासतंय — दुपारपर्यंत सगळे एकमेकांवरच खेकसू लागले. आणि उन्हं उतरायच्या आत ती "कोणाकडे तरी" असलेली किल्ली सापडली! सेक्रेटरीच्याच खिशात होती. कपाटं उतरली, गाद्या उतरल्या. सोफा अडकला, तेव्हा त्याचे पाय कापले. जाळीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं. मी सातव्यापासून तळापर्यंत जिना उतरून बघितला, भिंतीला हात लावत. मग फ्यूज परत बसवले.

सेक्रेटरी आज हसला नाही. ओळखूच येईना.

२९ मार्च

आज कोणाला न सांगता गेले. फक्त ताईला निरोप होता, भावोजी पुन्हा घाबरू नयेत म्हणून. वॉचमनलाही थांगपत्ता लागू न देता बटण दाबलं.

लोक खरे उतरले! कोणी अनवाणी, कोणी तोंडाला साबण लावलेला. आजी कुत्र्याला विसरली, मग कुत्रा एकटाच आला. आणि शेवटी मागच्या जिन्यानं भावोजी — पट्ट्यांनी बांधून उचलायच्या खुर्चीत, पुढे समोरच्या वहिनींचा मुलगा, मागे त्या वहिनींचे यजमान, दोघांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. सातव्या मजल्याची ही जबाबदारी मी त्यांच्याच घरावर टाकली होती, लेखी. प्रत्येक वळणावर भावोजींचा आवाज येत होता — "चला!" मैदानावरचा तोच जुना आवाज. पोरं खिदळायला लागली. भावोजीही हसत होते, अर्ध्या तोंडानं. आवारातलं ऊन किती दिवसांनी त्यांच्या अंगावर पडलं!

सगळ्यांना धाप लागली होती. मला फार फार बरं वाटलं.

ताई खुर्चीमागून उतरली. माझ्याकडे बघितलं नाही. आता बोलणार नाही बहुतेक कधीच. चालेल. नाही, चालणार नाही — पण काय करू?

३१ मार्च

ताई घरी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा! भावोजींपाशी समोरच्या वहिनी बसल्यात म्हणाली. पाणी प्यायली, पेला खाली ठेवला. "तक्रार कोणी केली, शोधलंस का?"

म्हटलं, नाही.

"मी केली." मग माझ्याकडे न बघता — "दोन वर्षं तू लिफ्टनं यायचीस, लिफ्टनं जायचीस. बहीण म्हणून यायचीस ना, मग तुला काही दिसायचं नाही. म्हटलं, एकदा पालिकेलाच बोलवावं."