उतरतानाही तोंड डोंगराकडं

अण्णा, आज मला कुणी काही काम सांगितलेलं नाही. स्वयंपाकाच्या तंबूत तांदळाच्या पोत्यावर बसलोय, डोकं अजून जड आहे, आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या आतल्या बाजूवर हे लिहितोय. माझं अक्षर कसं आहे ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं आपलं दोघांचं जमून जाईल. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी सध्या उत्तराखंडात असतो. बर्फाच्या डोंगरावर लोकांना घेऊन जायचं, असं काम आहे. लोक पैसे भरून येतात, आठ-नऊ दिवस रोज थोडं थोडं वर चढायचं, रोज वरच्या जागी तंबू ठोकायचे, आणि शेवटच्या दिवशी शिखर. तुम्हाला समजेल असं सांगायचं तर लेण्याद्रीसारखंच, फक्त पायऱ्या नाहीत आणि वर गणपती नाही. मोठा गाईड पुढं असतो, दुसरा मधी, मी मागं. यंदा पहिल्यांदा मला शिखरापर्यंतच्या दोरीवर, म्हणजे लोकांना एका दोरीत बांधून वर नेणाऱ्यांत, घेतलं होतं. परवा तो दिवस होता.

तुमच्या कामाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. लेण्याद्रीची डोली, दोन बांबूंना खुर्ची बांधलेली, चौघं जण, तुम्ही कायम मागं डावीकडं. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना वर नेऊन दर्शन करून आणायचं. मला उचलण्याची लाज वाटायची, पण त्याहून जास्त लाज तुमच्या बोलण्याची वाटायची. पहिल्या पायरीपासून तुमचं तोंड सुरू. चांगली जाडजूड बाई बसलेली असायची आणि तुम्ही म्हणायचात, "मावशी, सकाळी जेवला न्हाई का, लई हलक्या लागताय." बाई हसायची. मग गाव कुठलं, लेकी किती, जावई बरा हाय का, मधीच जोडीदारांना बांबू खाली घ्यायला "मोठी पायरी, डावी दाब," आणि परत जावई. मला वाटायचं हे सगळं बक्षिसीसाठी. एकदा रात्री जेवताना मी बोललोच, गप्प राहून उचलता येत नाही का. आईचा हात भाकरीवर थांबला. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "आरं, खांद्याचं काय, दुखतो नि ऱ्हातो. वर बसल्यालं माणूस लई अवघडल्यालं असतं. चार गडी आपल्याला उचलत्यात, समदा डोंगर बघतोय. त्याला तिथं एकटं सोडून कसं चालंल?" मग आईला म्हणालात, "वाढ त्याला, मोठा झालाय."

आणि ती खुर्ची फिरवायची पद्धत. दर्शन झालं की तुम्ही खुर्ची उलटी फिरवून उचलायचात, म्हणजे उतरतानाही पावण्याचं तोंड डोंगराकडंच. नाहीतर उतारावर माणूस पुढं घसरतो आणि खालचं खोल बघून घाबरतो. पण तुम्ही त्यांना असं कधी सांगितलं नाही. म्हणायचात, "पावणं, देवाकडं पाठ करून जायचं नसतं, बघत बघत उतरा." म्हाताऱ्या हात जोडून बसायच्या. खाली येईपर्यंत हात तसेच.

नववीत होतो तेव्हा ओतूरच्या आमच्या शाळेची सहल लेण्याद्रीलाच निघाली. मी आजारी पडायचा प्रयत्न केला, आईनं काढा पाजला आणि पाठवलं. आमच्या मराठीच्या बाईंचा गुडघा धरलेला होता. पायथ्याशी त्यांनी डोली विचारली आणि पुढं आलात ते तुम्हीच. मी पोरांच्या मधी शिरलो. वर जाताना रांग आणि डोली बरोबरीनंच चालली होती. तुमचं सुरूच. "बाई, कुठल्या शाळंच्या म्हणायच्या?" "ओतूरच्या." "आरं वा. मग आमचं पोरगं बी तुमच्याच—" आणि तेवढ्यात तुमची नजर माझ्यावर आली. मी बुटाकडं बघत होतो. बाई म्हणाल्या, "कोण हो? कितवीला?" तुम्ही खांदा बदलल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "न्हाई न्हाई बाई, ते पलीकडच्या शाळंत हाय. माझाच घोटाळा झाला. मोठी पायरी, दाब." त्या दिवशी त्यापुढं तुम्ही वरपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला गप्प राहून डोली वाहताना मी तेवढंच एकदा पाहिलं. घरी आल्यावर मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुम्ही विचारलंत, "लेणी बघितली का नीट? शेवटच्या गुहेतलं पाणी पिलास का?"

नववी राहिली. मग मी कुठं टिकलो नाही. पेठच्या रस्त्यावरच्या हॉटेलात ताटं धुतली, नारायणगावला टोमॅटोचे क्रेट चढवले, दोन्हीकडं महिना-दोन महिन्यांत कंटाळा. पुण्याहून डोंगर चढणारे लोक जीवधन किल्ल्यावर यायचे, त्यांचे तंबू वाहायला लागलो, तिथं बरं वाटलं. त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो त्या दिवशी तुम्ही जुन्नर स्टँडवर आला होतात. बगलेतून तुमची खांद्याची उशी काढलीत, ती घोंगडीची, जुन्नरच्या गादीवाल्या चाचांनी वरून जाड कापड घालून शिवून दिलेली. "मला चाचा दुसरी देत्यात. बोजा घेतलास तर पट्ट्याखाली घाल," म्हणालात. उशीच्या मधोमध बांबूनं पडलेली खाच होती, बोट आडवं बसेल एवढी. घामाचा वास येत होता. मी ती पिशवीच्या तळाशी घातली आणि एसटीत चढलो. तेव्हापासून पिशव्या बदलल्या, पण उशी नेहमी तळाशीच राहिली. एकदाही वापरली नाही, टाकलीही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी आलो, मडकं धरून पुढं चाललो होतो, आणि मागं तुम्हाला खांद्यावर घेतलेले तुमचे तिघं जोडीदार आणि माझा चुलता. ओढ्याच्या उताराला मागून हळू आवाज आला, "दगड हाय, दाब... बसा निवांत, पावणं." मी मागं वळून पाहिलं नाही. वळायचं नसतं म्हणून नव्हे.

आता परवाचं. या खेपेच्या लोकांत मंचरचा एक माणूस होता, पन्नाशीचा, कापडाचं दुकान आहे. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी ओळखलं, "भाऊ, तुमी आमच्याकडचे." मी लेण्याद्रीजवळचा म्हटल्यावर त्याला केवढा आनंद. जेवणाच्या तंबूत सगळ्यांना सांगत बसला. म्हणाला, "आईला डोलीनं नेलं व्हतं तिथं. काय बोलकी माणसं राव, आई घरी येऊनसुदिक त्यांचंच सांगायची." मग मला विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "गाईड होते." कुठले, कसले, काही विचार केला नव्हता, तोंडातून सरळ बाहेर पडलं. तो म्हणाला, "बघा, रक्तातच आहे." लोकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं आणि मी भाजी वाढायला उठलो.

शिखराच्या आदल्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. उंचीवर हवा विरळ होते, कुणालाही होतं, आणि झालं की लगेच सांगायचं आणि खाली उतरायचं, हा इथला पहिला नियम. हा नियम मीच रोज लोकांना सांगतो. मी गोळी खाल्ली आणि गप्प राहिलो. दोनदा तंबूमागं जाऊन उलटी केली आणि वर बर्फ लोटला. यंदा दोरीवर घेतलं होतं ना, त्यात गाईडचा मुलगा. सकाळी निघालो. ऊन पडलं तेव्हा आम्ही शेवटच्या धारेखाली होतो, शिखर अगदी समोर. मंचरवाल्याच्या बुटाचा पट्टा सुटला म्हणून मी वाकलो आणि मला तो बांधता येईना. हात चालतायत, पण पट्टा कुठं घालायचा ते कळत नाही. मोठ्या गाईडनं पाहिलं. त्यानं दोरी बर्फावर टाकली आणि म्हणाला, हिच्यावरून चालून दाखव, टाचेला अंगठा लावत. उंचीचा त्रास डोक्यात शिरला की तोल जातो, तो असा बघतात. सगळे बघत होते. तिसऱ्या पावलाला मी पडलो. मला खाली न्यायला दुसरा गाईड लागणार, म्हणजे वर एकच राहणार, म्हणजे त्याच्यानं सांभाळवतील तेवढेच वर जाणार. सगळ्यांत हळू चालणारा परत फिरणार. तो मंचरवाला होता. वर्षभर पहाटे उठून तुकाईची टेकडी चढायचा म्हणे. त्यानं एकदा शिखराकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "डोंगर काय पळून चाललाय का, भाऊ. चला." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वरच्या तंबूपर्यंत दुसऱ्या गाईडनं आणि मंचरवाल्यानं धरून आणलं. तिथून खाली मला पाय टाकता येईनात. आमच्या हमालांत एक नेपाळी म्हातारा आहे, तो खाली बसला आणि बटाट्याची टोपली एका बाजूनं कापायला लागला. मला कळलं कशासाठी. मी म्हणालो, मी बसणार नाही. तो हिंदी बोलतो, पण मी आपल्या बोलीत लिहितो, तुम्हाला बरं पडेल. "बसायचं न्हाई तर काय करायचं?" "चालतो." "चाल." मी उठलो आणि बसकण मारली. दुसरा गाईड ओरडला, इथं थांबलास तर संध्याकाळपर्यंत मरशील. मी तरी नाहीच म्हणत होतो, अण्णा. खरं सांगतो, मरायची भीती नव्हती असं नाही, पण टोपली जास्त मोठी वाटत होती. म्हातारा घाईत नव्हता. म्हणाला, "मी बी एकदा बसलोय हिच्यात. लई घाण वाटतं. चल." आणि त्यानं मला पोरासारखं उचलून आत ठेवलं. टोपली पाठीवर घेतली की तिचा पट्टा कपाळावर येतो, त्याखाली घालायला काहीतरी मऊ पाहिजे म्हणून त्यानं माझी पिशवी उपसली, आणि तळातून तुमची उशी काढली. उलटीपालटी केली. बोट त्या खाचेतून आडवं फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घडी घालून कपाळावर पट्ट्याखाली बसवली आणि उठला.

टोपलीत माणूस उलटा बसतो. वाहणाऱ्याची पाठ आपल्या पाठीला, आपलं तोंड मागं. म्हणजे उतरताना माझं तोंड डोंगराकडं. शिखर सारखं समोर, आणि धारेवर आमची माणसं, मुंग्यांएवढी, वर सरकणारी. आणि त्याच्या खाली, अगदी माझ्या तोंडासमोर, मागून उतरणारा मंचरवाला. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. मला तुमच्या त्या म्हाताऱ्या आठवल्या, हात जोडून बसलेल्या. मला वाटायचं देवासाठी जोडतात. हात ठेवायचे कुठं हा प्रश्नच असतो, अण्णा, वर बसल्यावर.

थोडं उतरल्यावर म्हातारा बोलायला लागला. "सकाळी जेवला न्हाईस वाटतं, बटाटे जड व्हते तुझ्यापरीस." मंचरवाला हसला. मग गाव कुठलं, लग्न झालं का, का नाही झालं. मग म्हणाला, "उशी कुणाची?" मी म्हणालो, वडिलांची. "काय करायचे?" मी तोंड उघडलं. त्याआधी मंचरवालाच म्हणाला, चांगल्या मनानं, मला बरं वाटावं म्हणून, "याचे वडील गाईड होते. आमच्याकडच्या डोंगरात." तो माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होतो. मी एका माणसाच्या पाठीवर होतो, आणि त्याच्या कपाळावर तुमची उशी होती. मी म्हणालो, "हो."

म्हाताऱ्यानं कपाळावरचा पट्टा सारखा केला. पायाखाली दगड वाजत होते. मग म्हणाला, "चांगले गाईड असणार. उशी लई वापरल्याली हाय." आणि पुढं लगेच, "मोठा दगड हाय, घट्ट धर," आणि परत माझ्या लग्नावर आला. खालपर्यंत त्यानं मला एकटं सोडलं नाही.

मंचरवाला आज सकाळी बाकीच्यांबरोबर गेला. त्यांना शिखर मिळालं, त्याला नाही. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, "लेण्याद्रीला आलो की तुमच्या घरी येतो, आईला भेटतो." तो येईल, तसला माणूस आहे. पायथ्याशी विचारेल, अमक्या गाईडचं घर कुठलं. तिथं तुमचे जोडीदार बसलेले असतील.

हे तुम्हाला लिहून काय होणार? पुठ्ठा चुलीत जाईल. सांगायचं ते दुसऱ्याच माणसाला सांगायला पाहिजे. म्हातारा बाहेर बटाटे सोलतोय, तंबूच्या उघड्या दारातून दिसतोय. तुमची उशी त्यानं धुऊन दोरीवर टाकली आहे, खाच वर करून. तुम्ही काय वाहायचात ते त्याला त्या खाचेवरून कळलंय, हे मला माहीत आहे, फक्त माझ्या तोंडून शब्द बाकी आहे, आणि तो बाहेर काढायला उठायचीसुद्धा गरज नाही, इथून बोललं तरी त्याला ऐकू जाईल. मघाशी त्यानंच मान वर करून विचारलं, "चहा घेणार का, गाईडसाहेब?"

मी हो म्हणालो. तेवढंच.