टीप क्रमांक सतरा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (नियंत्रण व आरेखन),
गोदातीर उपसा पाणीयोजना विभाग,
नाशिक.

विषय : आराखड्यांतील टीप क्र. १७ न खोडता दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आलेले ‘कार्यवाही पूर्ण’ हे उत्तर.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, राहणार नाशिकरोड, एका शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. माझे पती कालकथित चंदर पगारे हे आपल्या सायखेडा केंद्रावर पंपचालक होते. दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या पंपाच्या विहिरीत, जाळीत अडकलेल्या पाणवेली काढायला ते उतरले असताना नाशिकच्या नियंत्रण कक्षातून पंप सुरू करण्यात आला. ते जिवंत वर आले नाहीत.

२. केंद्रावर जुनी पद्धत अशी, की आत माणूस असला की त्याचा टॉवेल बटणाच्या पेटीवर अडकवायचा. टॉवेल दिसला की कोणी बटणाला हात लावत नसे. त्या दिवशीही टॉवेल होता. पण पंप नाशिकहून सुरू होऊ लागल्यापासून पेटीकडे बघणारे कोणी उरलेले नाही. म्हणून चंदर यांनी नियंत्रण कक्षाला फोनही केला होता. तो त्यांचे सहकारी वाल्मीक यांनी शेजारी उभे राहून ऐकला आणि तसा जबाब दिला. जबाब चार पानी आहे. पण आराखड्यावर अपघाताची नोंद ज्या टिपेत होते, तिच्या चौकटीत दोनच ओळी मावतात, असे मला आपल्या कार्यालयात सांगण्यात आले.

३. त्या दोन ओळी अशा : ‘पंपचालक च. पगारे यांनी न कळवता विहिरीत प्रवेश केला. अपघाताचे कारण मानवी चूक.’

४. ही टीप सायखेड्याच्या आराखड्यातून काढावी, असा पहिला अर्ज मी केला. टीप निघाली, आपले पत्रही आले. नंतर ती इगतपुरीच्या आराखड्यात सापडली, मग देवळ्याच्या. दुसऱ्या अर्जानंतर आपल्या आरेखन शाखेतील श्री. राकेश यांनी मला संगणकासमोर बसवून समजावले. टीप एकदाच लिहिलेली असते व हव्या त्या आराखड्याच्या चित्रात तीच ओढून वापरता येते. एका चित्रातून पुसली तर ती फक्त तिथे दिसेनाशी होते, मुळात राहतेच. मुळातून काढायची तर ज्या ज्या चित्रात ती आहे, त्या प्रत्येकाच्या प्रमुखाची संमती लागते. एका प्रमुखांनी हरकत घेतली आहे, की टीप काढल्यास त्यांचा आराखडा अपूर्ण ठरेल. त्यांच्या केंद्राचा अजून पायाही खोदलेला नाही. तिथेही माझा नवरा आधीच दोषी आहे.

५. मी विचारले, की ‘पंप दुरून सुरू करण्यापूर्वी आत कोणी नाही याची केंद्रावरून खात्री करावी’ हा इशाराही असाच सगळीकडे का गेला नाही? उत्तर मिळाले, की तो विहिरीच्या जुन्या चित्रावर सुटा लिहिलेला होता. नियंत्रण कक्षाचे चित्र नव्याने काढताना तो कोणी ओढून आणला नाही. म्हणजे माणूस वाचवणारे वाक्य एका चित्रात पडून राहिले आणि मेलेल्या माणसावरचा ठपका गावोगाव फिरला. याचा मला संताप आहे व तो मी येथे नोंदवत आहे. श्री. राकेश यांनी खरे सांगितले, त्याबद्दल त्यांना कृपया नोटीस काढू नये.

६. माझी मुलगी स्नेहा पंप चालवण्याचा शासकीय अभ्यासक्रम शिकते. आपले आराखडे तिथे नमुना म्हणून शिकवले जातात. शिक्षकांनी टीप क्र. १७ वर्गात मोठ्याने वाचली. मुलांनी वळून तिच्याकडे पाहिले. घरी आल्यावर ती जेवली नाही. मला एवढेच म्हणाली, “मम्मी, पप्पांनी खरंच फोन केला नव्हता का गं?” चाचणीत प्रश्न होता, अपघाताचे कारण लिहा. तिने जागा कोरी सोडली. शिक्षक भले आहेत. पण उत्तरपत्रिका तपासताना टिपेत जे आहे तेच बरोबर धरावे लागते, असे ते म्हणाले. वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न येणार आहे आणि त्यातही जागा कोरी सोडणार, असे स्नेहाने मला सांगून ठेवले आहे.

७. तरी आता टीप खोडू नये, अशी माझी विनंती आहे. खोडली तर ती एकाच ठिकाणाहून जाते, हे मी दोनदा पाहिले. ती मुळात बदलावी; बदलल्याने कोणाचाही आराखडा अपूर्ण ठरत नाही. चौकटीत मावेल असा मजकूर देत आहे : ‘चंदर पगारे फोनवर कळवून विहिरीत उतरले होते. आत माणूस असताना पंप नाशिकहून सुरू केला.’ बदल एकाच जागी करायचा आहे. श्री. राकेश यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढे तो सगळीकडे आपोआप पोहोचतो, ज्या केंद्राचा पाया खोदायचा आहे तिथेसुद्धा.

८. हे परीक्षेआधी व्हावे. म्हणजे माझ्या मुलीला बापाला दोष न देता पास होता येईल.

पुन्हा एकदा, आपली नम्र,
(सही)
संजना चंदर पगारे
नाशिकरोड, दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) श्री. वाल्मीक यांचा जबाब, चारही पाने.
२) वर्गात वाटलेला आराखडा. घड्या स्नेहाने घातलेल्या आहेत.
३) टॉवेल जोडता येत नाही. तो पंचनाम्यात जमा आहे व अद्याप परत मिळालेला नाही.