मतदानाच्या सकाळी अण्णांचा आवाज

पुंजामळा, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय अमोल,

शेजारची पूजा उद्या पुण्याला परत जाते आहे, तिच्याजवळ हे पत्र देते. आईला आता पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवतोस. कागद तरी मध्येच ठेवून देणार नाहीस. इथे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे मला, पण या वेळी तसं लिहवत नाही. मागच्या अंगणातला वाल यंदा भरपूर आलाय. शेंगा वेलावर वाळून चालल्यात, पण मागायला कुणी येत नाही. कुणी का येत नाही, ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

जानेवारीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. कोपऱ्यावरून भोंग्याची रिक्षा वळली आणि तुझे अण्णा बोलायला लागले. ‘पुंजामळ्यातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, नमस्कार!’ अगदी तसंच, ‘भगिनींनो’वर किंचित रेंगाळत. मांडीवरची मेथी सगळी खाली सांडली. मी अनवाणीच रस्त्यावर गेले. त्यांना जाऊन चार वर्षं होतील आता, पण तो आवाज मी त्याच्याही आधीपासून ऐकला नव्हता. घशाच्या ऑपरेशननंतरचं ते शेवटचं वर्ष. वाटीवर चमचा वाजवून मला हाक मारायचे, तू पाहिलंयस. आणि आता ते रस्त्यावरून ठणठणीत बोलत चालले होते. ज्याला मत द्या म्हणून सांगत होते, तो पोरगा अण्णा होते तेव्हा राजकारणात नव्हतासुद्धा.

शेजारच्या मंजुषानं मला धरून आत आणलं. म्हणाली, ‘काकू, आता कॉम्प्युटरवर करतात हो असं. जुना आवाज घालायचा आणि पाहिजे ते वदवून घ्यायचं.’ मला ते नीट कळलं नाही, आणि खरं सांगू, कळून घ्यायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला मी केस विंचरून फाटकात जाऊन उभी राहिले. मग रोजच. रिक्षा जवळ आली की धडधडायचं, लांब गेली की घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं. एकदा तर आत येऊन मी दोन कप चहाचं आधण ठेवलं. पातेल्यातल्या पाण्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

तू शिकायला लवकर बाहेर गेलास, म्हणून आपला प्रभाग तुला तितका माहीत नाही. तुझे आजोबा, पुंजाराम, इथे फ्लॉवर आणि झेंडू लावायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा दारातून थेट गोदावरीच्या बाजूची झाडं दिसायची. मग कारखाने आले, मळ्याचे प्लॉट पडले, आणि जिथे वाफे होते तिथे वस्त्या उभ्या राहिल्या. माळ्यांची जुनी घरं मध्ये. कंपनीत लागलेल्या देवळा-सटाण्याकडच्या लोकांची खान्देश कॉलनी. तिच्या पाठीला भीमवाडी. मशिदीमागे गॅरेजवाले. पत्र्याच्या चाळीत बिहारकडचे कामगार. ओढ्यापलीकडे पेठ-सुरगाण्याहून बांधकामावर आलेली माणसं, आणि आता रस्त्याच्या कडेनं ते उंच टॉवर, ज्यांच्यातली माणसं फक्त गाड्यांच्या काचेतून दिसतात.

पहिल्या निवडणुकीत माळ्यांचाच माणूस आला, कारण तेव्हा बाकीचे कुणी नव्हतेच. खान्देश कॉलनी भरली तशी ‘आमना माणूस’ म्हणत त्यांनी त्यांचा निवडून आणला, आणि आपल्या भाऊबंदांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे जागा बायकांना राखीव झाली. भीमवाडीच्या लताबाई उभ्या राहिल्या. त्यांना भीमवाडीबाहेर कोण मत देणार, असं सगळे म्हणत होते. पण त्या ओढ्यापलीकडे रोज जात राहिल्या, गुडघाभर पाण्यातून, आणि ती सगळी वस्ती त्यांच्या मागे उभी राहिली. निवडून आल्यावर त्यांनी आधी ओढ्यावर पूल बांधून घेतला. नंतर चार-चार नगरसेवकांचा एक प्रभाग झाला, चार बटणं दाबायची आली, कोण आपला आणि कोण परका तेच कळेना. मग तर कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही. या जानेवारीत झाली, तेव्हा अण्णा नव्हते.

आणि होतेही. या सगळ्या वर्षांत मतं मागणारी माणसं बदलली, आवाज एकच राहिला. कुठल्याही पक्षाची असो, रिक्षात बसायचे ते तुझे अण्णाच, सावळीराम. लोक त्यांना हसायचे, की सकाळी कपबशी, संध्याकाळी शिट्टी. पण मत कुणाला द्यायचं ते अण्णा कधीच आपल्या तोंडानं सांगायचे नाहीत. उमेदवाराचं नाव, चिन्ह, केंद्र कुठलं, वेळ काय, एवढंच. खान्देश कॉलनीत शिरले की माझ्याकडून शिकलेली माझ्या माहेरची अहिराणी काढायचे, ‘भाऊसहोन, बठ्ठा मत देवाले या!’ आणि मी घरात तोंडाला पदर लावून हसायचे, कारण उच्चार माळ्याचाच राहायचा. चाळीत गेले की ‘माताजी, परची साथ लाना’. ओढ्यापलीकडची बोली त्यांना गेणूदादानं शिकवली. हा गेणूदादा म्हणजे पेठकडचा गवंडी, आपला ओटा त्यानंच बांधलेला. तो रिक्षात शेजारी बसायचा आणि अण्णा चुकले की मोठ्यानं हसायचा. निवडणूक नसेल तेव्हा महापालिकेच्या सूचनाही अण्णाच सांगत. उद्या पाणी येणार नाही, रविवारी पोलिओ, कोरोनात घराबाहेर पडू नका. त्यांनी सांगितलं की बायका हंडे भरून ठेवायच्या.

एकदा एक मोठा पुढारी घरी आला होता. मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णांनी एवढंच सांगायचं होतं, की समोरच्या उमेदवारानं माघार घेऊन त्यालाच पाठिंबा दिलाय. खोटं होतं ते. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भोंगा कुणीतरी दगडानं ठेचून ठेवला होता. मी चिडले, म्हटलं एक वाक्य बोलला असतात तर काय झालं असतं. तर म्हणाले, ‘सिंधू, उद्या पाणी नाही म्हणून सांगायला मलाच जायचंय ना तिथे. तेव्हा कोण भांडी भरील?’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मतदान होतं. प्रचार थांबला होता, रिक्षा येणार नाही हे मला माहीत होतं, तरी सकाळी उठल्यावर कान तिकडेच. आणि आला आवाज. आपल्या गल्लीत नव्हे, लांबून, ओढ्यापलीकडून. शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती. मी हात जोडले, अमोल. मला वाटलं, आजच्या दिवसासाठी परत आले.

काय बोलत होते ते दुपारी कळलं. ‘सूचना ऐका. ओढ्यापलीकडच्या आणि पत्र्याच्या चाळीतल्या मतदारांचं केंद्र बदललेलं आहे. हायवेपलीकडच्या शाळेत जावं.’ त्या दोन वस्त्यांची मतं त्या पोराला पडणार नव्हती, हे लहान मूलही सांगेल. बायका लेकरं कडेवर घेऊन हायवे ओलांडून गेल्या. तिथे त्यांची नावं नव्हती. कितीजणी तिथूनच कामावर गेल्या, खाडा कोण करणार? काही परत आल्या, त्यांनी मत दिलं. गेणूदादा परत येताना हायवे ओलांडत होता. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणतात, पण उपयोग झाला नाही. सिव्हिलमध्ये दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला.

निकाल लागला. तो पोरगा अगदी थोडक्या मतांनी आला. मिरवणूक आपल्या दारावरून गेली, तेव्हा गुलाल ओट्यावर येऊन पडला. पाणी टाकून टाकून धुतला मी, फटींतला अजून गेला नाही.

मी दहाव्याला गेले. पूल ओलांडून जाताना बायका बोलायच्या थांबत होत्या. कुणी वाईट शब्द काढला नाही. बसायला पाट दिला, चहा दिला. त्या न बोलण्याचंच मला भय वाटत होतं. निघताना गेणूदादाची बायको, आक्काबाई, माझ्यासोबत पुलापर्यंत आली. म्हणाली, ‘बाई, मी म्हणलं व्हतं त्याला, सावळ्यादादा तं मेला, तो कसा सांगंल? तं म्हणला, मेलेला माणूस कशाला खोटा बोलंल? चल.’ आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘तो आवाज त्याचाच व्हता ना, बाई?’ पुलाच्या कठड्याला धरून मी उभी राहिले आणि तीच माझी पाठ थोपटत राहिली. नवरा तिचा गेला होता.

तेव्हापासून घरात मला तो आवाज ऐकू येतो. नळ सोडला तरी, मिक्सर लावला तरी त्याच्याखाली कुठेतरी. पूर्वी आठवायचा तो आवाज वेगळा होता, ‘सिंधू, पाणी दे गं’ म्हणणारा. तो आता आठवायला गेले तर त्याच्या जागी हाच येतो, केंद्र बदललं म्हणणारा. माझ्याकडे त्यांचं तेवढंच उरलं होतं. तेही नेलं कुणीतरी.

आक्काबाई पोलिसात गेली होती. रिक्षावाला म्हणाला, अनोळखी माणसानं पेनड्राइव्ह दिला, परत नेला. मग मला बोलावलं. तिथला साहेब म्हणाला, ‘आवाज तर तुमच्या मिस्टरांचा आहे म्हणतात सगळे. त्यांच्यावरच गुन्हा दाखल करू का?’ बाकीचे हसले. मी म्हटलं, ‘साहेब, त्यांचा नाही. ते ओढ्यापलीकडे गेले की तिथली बोली बोलायचे. हा पुस्तकातलं बोलत होता.’ त्यानं ते लिहून घेतलं नाही. एवढंच विचारलं, की त्यांचा जुना आवाज कुणाकडे होता का. मी म्हटलं, आठवून सांगते. अमोल, आठवायला मला वेळ लागणारच नव्हता.

दिवाळीत तू माळ्यावरून अण्णांच्या कॅसेटची पिशवी काढलीस. संघर्ष आला होता, शाळेपासूनचा तुझा मित्र. दोघं वर खोलीत बसलात. तू म्हणालास, ‘आई, अण्णांचा आवाज कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो, म्हणजे कधी जाणार नाही.’ मला केवढा आनंद झाला होता, मी तुम्हाला गरम चकल्या वर आणून दिल्या. संघर्ष आता त्या निवडून आलेल्या पोराच्या ऑफिसात बसतो. ते त्या आवाजाचं काय करणार हे तुला माहीत होतं का, ते मी पत्रात विचारत नाही. मतदानाला येतो म्हणालास आणि आला नाहीस, आणि त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाहीस, एवढं मला कळतं. तू माझा मुलगा आहेस. तुझं वाईट व्हावं असं मला झोपेतही वाटणार नाही. पण गुरुवारी सकाळी मी आक्काबाईला घेऊन त्या साहेबाकडे जाणार आहे आणि कॅसेट कुठून गेल्या ते सांगणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. बुधवारी ये. घरी जेव, झोप, आणि सकाळी माझ्याबरोबर चल. जे असेल ते तू तुझ्या तोंडानं सांग, मी शेजारी उभी राहीन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आणि तू आला नाहीस तरी मी जाणार आहे, बाळा.

तुझीच,
आई