काचेच्या तारेसाठी दहा घरं

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलाच्या, जयवंतच्या, ऑफिसची डायरी. त्याला नको होती, म्हणून मी घेतली. चौथीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय. कोणी वाचायची नाही.

आज पावणेसहाला नेट अडकलं. शेजारचा सीताराम फोनवर दशावतार बघत होता, त्यातला राजा तलवार वर करून तसाच उभा. कोपऱ्यातल्या खोलीतली मॉड दुबईच्या नातीशी, मेगनशी, बोलत होती. मेगनही तोंड उघडं टाकून थांबली. पलीकडच्या रुचाचा सीएचा ऑनलाइन क्लास गोल गोल फिरत बसला. दहा मिनिटं वाट बघून तिघंही उठली. रोज आठपर्यंत माझ्या दारात बसतात. आज सहाला गॅलरी रिकामी.

समोर गिरणीच्या जागेवर उंच टॉवर झाल्यापासून आमच्या मजल्यावर मोबाईलला रेंज नाही, आणि नेट फक्त आमच्याकडे आहे. हा योगायोग. माणसं येतात ती माझ्यासाठी. पण नेट गेल्यावर नुसतं माझ्या तोंडाकडे बघत बसायचं म्हणजे त्यांना संकोच वाटतो, दुसरं काय.

ठरलं. नेट सुधारायचं. मग तिघांची तेरा होतील.

५ फेब्रुवारी, दुपारी

कंपनीला फोन. एक बाई अर्धा तास सांगत होती की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल ना. शेवटी एक माणूस लाइनवर आला. म्हणाला, बॉक्स बंद करून चालू करा. केला. म्हणाला, परत करा. केला. म्हणाला, आता? मी म्हटलं, आता तू बंद होऊन चालू हो, बघू काय फरक पडतो.

त्याने फोन ठेवला. मोठी कंपनी, पण सहनशक्ती नाही.

७ फेब्रुवारी

सीताराम मॉडसमोर म्हणाला, वरळीला माझ्या मेव्हणीकडचं नेट बाणासारखं जातं. म्हटलं, जा मग वरळीला. रात्री अक्षदाला सांगून पासवर्ड बदलून घेतला. सूनबाई बँकेत आहे, तिला ते पटकन येतं. सूड वगैरे नाही. शिस्त.

पासवर्ड आल्या आल्या देऊन टाकला की माणूस फोनमध्ये तोंड घालतो. म्हणून आधी चहा, मग कोणाकडे काय चाललंय ते, आणि मग पासवर्ड. यात जबरदस्ती कसली? तेवढ्या वेळात सीताराम चारदा फोन खिशातून काढून परत ठेवतो, ती सवयच.

९ फेब्रुवारी, रविवार

अक्षदाने एक छोटी कंपनी शोधली. माटुंग्याला एका गाळ्यात ऑफिस. मालक हेमचंद्र स्वतः फोन उचलतो, तोही पहिल्या रिंगला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणजे गुडघ्याचं मीच आधी सांगितलं होतं, पण चौकशी केली.

त्याने नीट समजावलं. मोठ्या कंपनीची फायबर नाक्यावरच्या डब्यापर्यंतच येते. तिथून आमच्या खोलीपर्यंत तीच जुनी तांब्याची वायर. सगळा घोळ तिथे. याची काचेची तार थेट घरात येणार, केसाएवढी बारीक. म्हटलं, आमच्या घरात काचेचे पेले टिकत नाहीत, तार काय टिकणार? हसला. माणूस चांगला आहे.

फक्त एक अट. चाळीतली कमीत कमी दहा घरं पाहिजेत, तर तो केबल आणणार. म्हटलं, दहा काय, बारा घे.

जेवताना अक्षदा म्हणाली, आई, दहा घरांत दहा बॉक्स लागले तर आपल्या दारात कोण बसणार? जयवंतने हसू दाबायला ताटात तोंड घातलं. मी भात वाढला. बँकेत राहून राहून तिला माणसं टोकन नंबरनेच कळतात.

१२ फेब्रुवारी

वहीचं पान आखून घेतलं. नाव, खोली, सही. तीन दिवसांत दहा.

आज शून्य. एकीला नवऱ्याला विचारायचंय. दुसरीच्या नवऱ्याला तिला विचारायचंय. खालच्या मजल्यावरच्याने विचारलं, त्या बॉक्समध्ये कॅमेरा असतो का? म्हटलं, तुझ्या घरात बघण्यासारखं आहे काय?

सही दिली नाही. बोलण्यात जरा गोडवा आणायला हवा. म्हणजे लोकांनी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार झाली. रुचाच्या आईने उभ्या उभ्या सही केली. रुचा म्हणाली, बरं झालं आजी, मी घरीच दार लावून अभ्यास करीन, तुमच्याकडे फार आवाज असतो. आवाज सीतारामच्या दशावताराचा. मी फक्त बोलते.

पोरगी चेष्टेखोर आहे. दार लावून बसायचं तिचं वय आहे का?

१८ फेब्रुवारी

मॉडने सही केली. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, सही अशी की कोणाला वाचता येऊ नये. म्हणाली, शांता, मी मेगनशी पलंगावर पडून बोलणार, तुज्या स्टुलावर माझी कंबर जाते. म्हटलं, सोय झाली तरी यायचं बंद नाही करायचं हां. म्हणाली, येस येस.

दोनदा येस म्हणाली, म्हणजे नक्की.

आमचं धरून आठ.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नऊ. आणि दहावा सीताराम ऐकत नाही! म्हणतो, वैनी, माका कशाक व्हया? तुमचा आसा मां. म्हणजे माझं आहे, मग त्याला कशाला.

आमचे हे होते तेव्हा त्यांच्याबरोबर गिरणीत एका खात्यात होता. त्या नात्याने समजावलं. मग दम दिला. मग पासवर्ड बदलला.

२५ फेब्रुवारी

तीन दिवस सीतारामला पासवर्ड नाही. तरी येतो मेला. मेलेला फोन खिशात ठेवून साडेपाचला हजर. आणि गिरणीतल्या गोष्टी सांगतो, संपाच्या, साच्याच्या म्हणजे मागाच्या, ह्यांनी एकदा जेवणाचा डबा कसा बदलला त्याच्या. मला सही पाहिजे आणि हा डबे सांगतोय.

शेवटी म्हटलं, सीताराम, माणसाने आपल्या घरात बसून बघावं. रोज दुसऱ्याच्या दारात काय बसायचं? लोक काय म्हणतील?

चहाचा कप खाली ठेवला. मग पेन मागितलं.

बघा, बोलणं असं लागतं. दहा पूर्ण. अक्षदाला पान दाखवलं. तिने सीतारामची सही दोनदा बघितली आणि पान मला परत दिलं. हरली.

२८ फेब्रुवारी

जुन्या कंपनीला सांगितलं, सोडते. आता रोज त्यांचाच फोन. तीन दिवसांत तीन मुली. का सोडताय, काय चुकलं. तिसरीला सगळं पहिल्यापासून सांगितलं, गुडघ्यासकट. पाऊण तासाने तीच म्हणाली, मॅडम, मला आता ठेवायला लागेल.

माझ्याशी बोलायला लागलं की माणसांचा पाय निघत नाही तो असा. हिला तर नोकरी होती म्हणून निघाला.

३ मार्च, सोमवार, दुपारी

तार आली. हेमचंद्रचा माणूस मार्क, शीवला राहणारा. ड्रिल थेट देवाच्या फळीखाली लावत होता, हात धरून बाजूला घेतला. दिवसभरात दहाही घरं पुरी केली. अक्षदाने येऊन फोनवर स्पीड मोजला. आकडा इतका मोठा की मी चष्मा पुसून परत बघितला.

चाळीच्या मंडळाच्या सहा खुर्च्या आणून गॅलरीत मांडल्यात. कांदाभजीचं पीठ भिजवलंय. नवीन पासवर्डही ठेवलाय. आज थोडी गर्दी होईल, जिन्यावर पण बसतील.

त्याच दिवशी, साडेआठ

पहिलाच दिवस. लोक आपापल्या घरात तारा बघत असतील. भजी जयवंतने खाल्ली.

४ मार्च

रुचाची परीक्षा जवळ आली. मॉडला खोकला. सीतारामचं माहीत नाही. आतून दशावताराचा आवाज येत होता, आता टीव्हीवर बघतो. राजा कुठेही अडकत नाही, सलग ओरडतो.

नेट एकदम छान. मला त्याचं काही काम नसतं, पण छान.

७ मार्च

खुर्च्या परत मागायला मंडळाचा माणूस आला. म्हटलं, असू दे, लागतायत. त्याने खुर्च्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चार नेल्या.

१० मार्च

पासवर्ड बदलणं बंद केलं. माणसाने मन मोठं ठेवावं. दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला, कोणीही यावं, कोणीही वापरावा.

जयवंत म्हणाला, आई, पुसून टाक, सगळी बिल्डिंग वापरेल. म्हटलं, वापरू दे की.

संध्याकाळपर्यंत कोणी वापरला नाही. पोस्टमनने वाचला.

१३ मार्च, होळी

खाली होळीपाशी सगळी होती. सगळ्यांनी माझं नाव घेतलं. शांताकाकूंमुळे नेट आलं, शांताकाकू नसत्या तर आपण अजून त्या जुन्या वायरवर असतो. मॉड म्हणाली, मेगन आता पलंगावरूनही स्पष्ट दिसते, दात मोजून घे. खालच्या मजल्यावरच्याने तर पाया पडून घेतलं. मग होळीत नारळ टाकून झाले, आणि नऊला ज्याची त्याची मालिका असल्यामुळे सगळी वर पळाली.

जिन्यात सीताराम भेटला. मी सहज विचारलं, काय रे, दिसत नाहीस? म्हणाला, वैनी, तुम्हीच सांगितलात मां, दुसऱ्याच्या दारात कशाक बसायचा. बराबर आसा तुमचा.

मी म्हटलं, हो, बरोबरच आहे.

डबा कसा बदलला होता ते अर्धवटच राहिलं. मला ऐकायचं नाही, पण अर्धवट सोडायची ही कुठली पद्धत?

१६ मार्च, रविवार

हेमचंद्रला फोन. पहिल्या रिंगला उचलला. म्हटलं, तक्रार आहे. म्हणाला, नेट बंद पडलं का आजी? नाही. हळू आहे का? नाही. मग तक्रार काय? म्हटलं, दहा घरांपैकी काहींचं थोडं कमी करता येतं का? संध्याकाळी साडेपाच ते आठ, तेवढंच. निदान आमच्या मजल्यावरच्या तिघांचं.

म्हणाला, बघतो आजी. मग गुडघा कसा आहे विचारलं.

छोट्या कंपनीची ही एक अडचण. ऐकून घेतात, करत काही नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

आज साडेपाचला आमचं नेट बंद पडलं. म्हणजे बॉक्सचं बटण मीच बंद केलं. मग गॅलरीत उभी राहून मोठ्याने म्हटलं, अगं बाई, आमचं नेट गेलं वाटतं! दोनदा म्हटलं.

आत येऊन चहा टाकला, चौघांचा.

सीतारामने टीव्हीचा आवाज कमी केला आणि बसल्या जागेवरून हाक मारली, गो रुचा, वैनीचा नेट बघ जरा. रुचा कानात वायर घालूनच आली. मी खुर्ची पुढे केली. ती बॉक्सपाशी गेली, बटण दाबलं, दिवा हिरवा झाला, म्हणाली, आजी, झालं, आणि गेली. कानातली वायरही काढली नाही.

चहाला उकळी यायची होती.

बटण तिला फार लवकर सापडलं. उद्या मागची वायरच काढून ठेवते.