हौद्याला पाडलेली सहा भोकं

६ मार्च, शुक्रवार
शी! आज पाय गेला. खरंच गेला, पिकअपच्या हौद्यातून आरपार, पोटरीपर्यंत. लोणीच्या लग्नातून पॉट आईस्क्रीमची पिंपं परत आली, ती उतरवून हौदा धुवायला चढले होते. म्हटलं आज रबरी मॅट पूर्ण उचलून धुवू. बारा वर्षांत कोणी उचलली नव्हती. खाली लाल-काळा रेंदा. नासलेलं दूध, खडेमिठाचं पाणी, गंज. वास असा की पदर नाकाला लावला. आणि पत्रा म्हणायला फक्त नावाला. खर्रकन् फाटला.
धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. चार टाके.
ह्यांचं पहिलं वाक्य: "मॅट कशाला उचललीस?"
घ्या! म्हणजे चूक माझी.

८ मार्च, रविवार
पाय ठणकतोय. नवी पिकअप पाडव्याला येणार. जुनी शोरूमवाल्याला दाखवली होती, त्याने भंगाराचा भाव सांगितला तेव्हा ह्यांनी तोंड वाकडं केलं. आता लताबाईला विकायचं ठरवून आले. मला न विचारता.
लताबाई म्हणजे कॅनॉलच्या वस्तीवरची. कांदा काढणीची टोळी तिची, चौदा-पंधरा बाया. दोन उन्हाळे माझ्याकडे दूध आटवायला होती, कामात इतकी चोख की कधी करपू दिलं नाही. टोळी रोज कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्याने जाते. आता तिची स्वतःची गाडी होणार, पोरगा चालवणार.
मी म्हटलं, "त्या हौद्यात बाया बसणार आहेत. माझा पाय गेलाय तिथून."
"पत्रा मारून देतो ना. एवढं काय."
एवढं काय म्हणे! टाके ह्यांना पडायला हवे होते.

१० मार्च, मंगळवार
गफूरभाईंकडे गाडी नेली. पत्र्याचं काम बेलापुरात त्यांच्याइतकं कोणी करत नाही. रोजे चालू, तरी भर उन्हात गाडीखाली झोपले. नुसता हातोडीचा आवाज, आधी ठण् ठण्, मग मधेच एकदम थप्प. बाहेर आले तर दाढीत गंजाचा भुगा.
"वहिनी, पत्र्याचं सोडा. चासीच, गाडीचा सांगाडाच गंजानं खाल्लाय. केबिनच्या मागं, दोन्ही बाजूंनी. ब्रेकचा पाईप बी तसाच. ही भोकं कुणी पाडली हो?"
मी वाकून पायाची पट्टी नीट केली.
भोकं मी पाडली. म्हणजे पाडून घेतली. पिंपातला बर्फ वितळला की मिठाचं पाणी हौद्यात साचायचं, माझी साडी घोट्यापर्यंत भिजून कडक व्हायची, टाचा फुटायच्या. म्हणून सहा भोकं, पाणी खाली जायला. गेलं की! बरोबर चासीवर. बारा वर्षं, प्रत्येक लग्नाला, थेंब थेंब. आणि वरून मॅट, म्हणजे दिसायला नको. वर दर दसऱ्याला आम्ही काय करायचो? खाली जळकं ऑईल, वर पिवळा रंग, पुढे हार. शाबास.
ह्यांनी विचारलं, पट्टी मारून काळा रंग देता येईल का. गफूरभाई म्हणाले, "देता येईल. मी देणार न्हाई. माणसं बसायची हायत."
हे उठून गेले. चहाचं विचारायचं तर रोजा.

१३ मार्च, शुक्रवार
गाडी श्रीरामपूरला नेली ह्यांनी. कुठल्या गॅरेजला ते सांगत नाहीत. विचारलं तर, "तुला काय करायचंय."

१५ मार्च, रविवार
आली. चकचकीत! हौद्यात नवा पत्रा, खाली सगळं काळं कुळकुळीत, मागे फाळक्यावर फुलं काढलीत. शेजारणी बघायला आल्या. "नवीच वाटती की!" हे मिशीतल्या मिशीत हसत उभे. मी आत निघून गेले.

१६ मार्च, सोमवार
हे बाजाराला गेल्यावर गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. ह्या वयात, टाक्याच्या पायाने. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. केबिनच्या मागे टेकवला, जोर लावला नाही, देवाशपथ, नुसता टेकवला. आत गेला. मुठीपर्यंत. पुट्टी! वरून काळा रंग, आत पुट्टी आणि पोत्याचा तुकडा. हो, पोत्याचा. बाहेर ओढला तर ओला.
दुपारी भांडण. लई मोठं.
"सगळे असंच विकतात."
"सगळे शेण खातील."
"मग जा, सांग तिला. पण लक्षात ठेव, गावात नाव कुणाचं जाणार? आपलं. आईस्क्रीम कोण खाईल मग आपल्या हातचं?"
हे खरंय. म्हणून जास्त किळस आली. ह्यांची नाही, माझी. कारण मी खरंच विचारात पडले, लग्नांच्या ऑर्डरींचा. चांगला अर्धा तास.

१८ मार्च, बुधवार
लताबाई येऊन गेली. पायाला हात लावून म्हणाली, "ताई, जखम कशी हाय?" कशाने झाली ते विचारलं. मी म्हटलं पत्रा लागला. खोटं नाही. खरंही नाही.
उद्या गाडीला झेंडूचा हार आणू का शेवंतीचा, हे विचारायला आली होती. बायांनी मिळून नारळ घेतलाय. सगळ्या जणी येणार म्हणे, पहिली फेरी देवळापर्यंत, सगळ्यांना घेऊन.
तोंडाशी आलं होतं. हे ओट्यावर बसलेले. मी चहा ओतत राहिले, कप भरून बशीत सांडला तरी.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. दहा वाजता आल्या. चौदा बाया, नव्या साड्या, केसांत गजरे. लताबाईचा पोरगा आंघोळ करून, कपाळाला गंध. हार घातला, कुंकू लावलं. हे चावी देण्याचा फोटो काढायला उभे राहिले.
आणि मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "लता, थांब, बसवू नको कुणाला" असं काहीतरी. मग पोराला म्हटलं, खाली वाक, केबिनच्या मागे अंगठ्याने दाब. त्याने दाबलं. काळी खपली पडली, मग पुट्टी, मग लाल भुगा त्याच्या नव्या शर्टावर.
तो शर्ट झटकत राहिला.
मला वाटलं, आता लताबाई ह्यांना फाडून खाणार. किंवा मला मिठी मारणार. मूर्ख मी.
ती म्हणाली, "मला म्हाईत हाय, ताई."
"काय माहीत आहे?"
"गफूरभाईला इचारलं व्हतं. त्यो बी हेच बोलला. पन चांगली गाडी आमाला कोन देतंय? ट्रॉलीत उभं ऱ्हावं लागतं, मागच्या साली सुमन पडली, कंबर गेली तिची. निदान ह्या गाडीत बसायला जागा हाय. हळू चालवू."
हे लगेच, "बघ! तिची हरकत नाही तर तुझं काय?"
मी ह्यांच्या हातातून चावी ओढून घेतली. "नाही म्हणजे नाही."
तेव्हा चिडली ती. खरी चिडली. "तुमी कोन न्हाई म्हननार? आमचा जीव, आमची गाडी. तुमची नवी दारात येतीय म्हनून सुचतंय हे."
बाया परत गेल्या. नारळ तसाच नेला. जाताना एकीने हार काढून घेतला गाडीचा.

२१ मार्च, शनिवार
ईद. गफूरभाईंनी शीरखुर्मा पाठवला. स्वतः आले मागून. म्हणाले, दुसऱ्या गाडीची चांगली चासी मिळाली तर बसवता येईल, पण कागदांचं लचांड मोठं आणि उन्हाळा संपेल तोवर. मी म्हटलं बघा. हे आतल्या खोलीत, बाहेर आले नाहीत. तीन दिवस झाले बोलत नाहीत माझ्याशी. नवी गाडी दारात उभी. तिच्या हौद्याखाली मिठाचं पाणी लांब नेणारा पाईप बसवून घ्या म्हटलं तर तेही ऐकून न ऐकल्यासारखं.
चावी माझ्या पोलक्यात. झोपतानासुद्धा.

२४ मार्च, मंगळवार
सकाळी सात. ओट्यावर दूध गाळत होते. रस्त्याने पिकअप गेली, निळी, कुणाची ते माहीत नाही, राहुरीकडची असावी. मागे लताबाईची अख्खी टोळी, खुरपी-विळे मांडीवर. बसलेल्या. दोघी-तिघी फाळक्यावर पाय बाहेर सोडून. गाणं चाललं होतं. मला बघून गाणं थांबलं. लताबाईने मान फिरवली.
निळा रंग ताजा होता. लांबूनही वास आला.
गाडी वळणावर थांबली होती जरा वेळ, म्हैस आडवी आली म्हणून. पळत गेले असते तर पोचले असते, वाकून खाली बघितलंही असतं. गाळणं हातात धरून उभी राहिले. मग ती गेली.